दोनच फांद्या

कुमुदचा एक निरोप माझ्या फोनमध्ये आहे. "अहो, येताना कढीपत्ता आणा. आणि नीट बघून घ्या, मागच्या वेळी सगळा काळा निघाला." एवढाच. ती गेल्यापासून मी तो रोज सकाळी चहा घेताना ऐकतो आणि रोज तिला उत्तर देतो, "सगळा नाही, दोनच फांद्या." मुद्दाम देत नाही, तोंडातून निघतं. रागच येतो. काळ्या दोनच फांद्या होत्या, मी मोजल्या होत्या.

ओघ कंपनीत रुजू झालो त्या सकाळीही ऐकला, उत्तर दिलं आणि निघालो.

कुमुदच्या आजारपणात मी नोकरी सोडली होती. त्याआधी वीसेक वर्षं प्रोग्रॅमिंगच केलं, पण दोन वर्षं घरी बसलेल्या पन्नाशीच्या माणसाला कोण घेतं? ओघने घेतलं. लहान गावांच्या पाणीपुरवठ्याची यंत्रणा चालवणारी कोल्हापुरातली कंपनी. कुठला पंप कधी चालू, कुठला व्हॉल्व्ह कधी बंद, बंधाऱ्याची दारं कधी उघडायची, हे सगळं त्यांचा प्रोग्रॅम ठरवतो. मला काम हवं होतं ते मुख्यतः सकाळी घरातून बाहेर पडायला.

पहिल्या आठवड्यात मी तो प्रोग्रॅम उघडून वाचायला बसलो आणि डोकं फिरलं. पंधरा वर्षांत किती जणांनी त्यात हात घातला होता देव जाणे. एका फंक्शनचं नाव होतं 'तात्या'. मग 'तात्या_नवीन'. मग 'तात्या_नवीन_हेच_वापरा'. चालू होतं ते पहिलंच. 'दाब' नावाच्या ठिकाणी दाब नव्हताच, टाकीची पातळी होती. आमच्या स्वयंपाकघरासारखं. तिथेही कुमुदने कशात काय ठेवलंय ते मला अजून सापडत नाही. डब्यावर रवा लिहिलंय म्हणून उघडावं तर आत शेंगदाणे.

मी टीम लीडकडे गेलो. ऋतुजा घोरपडे, माझ्या मुलीच्या वयाची. मला मुलगी नाही, पण असती तर त्या वयाची.

"याची माहिती लिहून ठेवलेली कुठे आहे?" मी विचारलं.

"माहिती कोण लिहितं काका आता?" ती म्हणाली. "पट्टी लावा. दहा दिवसांत हाताला बसेल."

"मी वाचून घेतो."

"वाचून वर्ष जाईल. आणि काका, पट्टीचे तास रोज भरावे लागतात. वरून बघतात."

काका म्हणण्याचाही मला राग आला, पण तो गिळला.

पट्टी म्हणजे कपाळावर बांधायचा एक मऊ पट्टा. त्यामागचं शास्त्र इरफान मुजावरने मला समजावलं. हा माझ्या शेजारी बसायचा, चार वर्षं तिथे होता आणि पट्ट्या जुळवून द्यायचं कामही त्याच्याकडे होतं.

आठवण आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात एखादा माणूस भेटतो. नाव आठवत नाही, कुठला ते आठवत नाही, पण हा आपल्या ओळखीचा हे लगेच कळतं. ते कळणं मेंदूच्या एका वेगळ्या भागात होतं, कानशिलाच्या आत खोल. जुना प्रोग्रॅमर आपला कोड वाचतो तेव्हा ओळीओळीला तिथे काहीतरी उमटत असतं. ही ओळखीची, ही ठीक, ही जरा खटकते. पट्टी ते टिपून घेते. नंतर नवा माणूस तीच ओळ वाचायला लागला की पट्टी त्याच्या मेंदूत त्याच जागी हलकासा धक्का देते. जुन्याला जे वाटलं ते नव्याला वाटतं.

"म्हणजे माहिती जात नाही," मी म्हटलं. "नुसतं वाटणं जातं."

"वाटण्यावरच तर सगळं चालतं," इरफान हसला. "तुम्ही घरात अंधारात दिव्याचं बटण शोधता का? हात आपोआप जातो. तसं."

पट्टी जुळवायला प्रत्येकाची सगळ्यात घट्ट ओळखीची वस्तू लागते. ती ओळख म्हणजे मोजपट्टीचं वरचं टोक. इरफानने स्वतः त्याच्या अम्मीचा फोटो वापरला होता, ऋतुजाने तिच्या कुत्र्याचं भुंकणं. मी काय देणार? फोन पुढे केला आणि निरोप वाजवला. इरफानच्या पडद्यावरची रेघ एकदम वर चढली.

"बाप रे," तो म्हणाला. "एवढं कुणाचं येत नाही. कोण आहे ही?"

"बायको."

"मग आजच कढीपत्ता न्या," तो म्हणाला. मग माझं तोंड बघून पडद्याकडे वळला. नंतर कुणाकडून तरी त्याला कळलं असावं, कारण दुपारी तो काही न बोलता माझ्यासाठी चहा घेऊन आला.

पट्टी चालली. खोटं कशाला सांगू, चांगलीच चालली. 'तात्या' उघडलं की असं वाटायचं, अरे हा होय, याला तर मी कधीपासून ओळखतो. बोटं आपोआप बरोबर ठिकाणी जायची. ज्या कोडवर चिडून मी खुर्ची मागे ढकलत होतो तो घरचा वाटायला लागला. दिवसभर घरी असल्यासारखं वाटायचं. ऋतुजा खूश झाली. टेबलाशी येऊन म्हणाली, "बघा काका, उगाच घाबरत होता."

मग एका सकाळी मी चहा ओतला, निरोप लावला. एक बाई बोलत होती. कढीपत्ता आणा म्हणत होती. कुमुदच होती, मला माहीत होतं. पण रस्त्यावरून जाताना कुणाच्या तरी घरातला आवाज कानावर पडावा तसं झालं. निरोप संपला. माझ्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हतं. राग आला नाही. काहीच आलं नाही.

पुन्हा लावला. पुन्हा तेच.

मी ऑफिसात जाऊन इरफानला धरलं. "हे काय केलंस तू?"

तो घाबरला. मी सगळं सांगितल्यावर बराच वेळ नखं खात बसला. मग म्हणाला, "सर, होतं असं. थोडं. पट्टी दिवसभर तुमची तीच एक वाट वापरते ना. रोज हजार वेळा. वाट झिजते. मला पण संध्याकाळी अम्मी जरा परकी वाटते."

"मग?"

"मग काय, घरी गेलो की ती ओरडते. चप्पल कुठे काढलीस, डबा का नाही संपवला. जेवेपर्यंत परत होती तशी. भेटलं की भरून निघतं. सगळ्यांचं निघतं, म्हणून तर कुणी तक्रार करत नाही." पुढचं त्याने बोलायची गरज नव्हती. माझं कशाने भरून निघणार होतं? घरी ओरडायला कोण होतं?

"दुसरी काहीतरी वस्तू लावून जुळवू," तो म्हणाला.

"आणि जे गेलं ते?"

"ते मला माहीत नाही, सर. खरंच माहीत नाही."

मी पट्टी काढून त्याच्या टेबलावर ठेवली. रोज ऐकायचा निरोपही बंद केला. उरलंसुरलं वाजवून संपवायचं नव्हतं.

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. काल घरचा वाटणारा कोड आज पुन्हा परक्याचा झाला, आणि त्यातलं मला खरोखर काहीच कळत नव्हतं हेही उघडं पडलं. पट्टी लावून मी जे बदल केले होते ते का केले हे माझं मलाच सांगता येईना. कोरे कागद घेऊन एकेक फंक्शन कुणाला बोलावतं त्याचे बाण काढत बसायचो. संध्याकाळी बाणांचा नुसता गुंता व्हायचा, कागद चोळामोळा करून टाकायचो आणि दुसऱ्या दिवशी तोच गुंता पुन्हा काढायचो.

ऋतुजाने बोलावलं. "काका, तुमचे पट्टीचे तास शून्य. आणि काम बघा, मुलं दिवसात करतात ते तुम्ही आठवड्यात. मी वर काय सांगू?"

"सांगा की वाचतोय."

"वाचतोय! सगळ्यांना येतं ते तुम्ही एकटे वाचताय." मग ती जरा नरमली. "हे बघा, मला तुमची अडचण इरफानने सांगितली. वाईट वाटलं. पण महिनाअखेर पट्टीचे तास दिसले नाहीत तर माझ्या हातात काही राहणार नाही."

म्हणजे पट्टी लावली तर कुमुदचा आवाज जाणार आणि नाही लावली तर नोकरी. हे ती बोलली नाही, पण दोघांनाही कळलं.

त्याच चिडीत मी 'मावशी'पाशी येऊन पोचलो. पिंपरवेल नावाच्या गावाच्या भागात हे फंक्शन होतं. वर कुणीतरी शेरा लिहून ठेवला होता: "हात लावू नये. विचारा." कुणाला विचारा ते लिहिलं नव्हतं. मला आठवलं की पट्टी लावून मी या ओळींवरून अनेकदा गेलो होतो आणि दर वेळी मनाला अगदी शांत वाटलं होतं. आता मात्र मी त्याकडे बघून नुसता दात खात होतो.

"इरफान, हे मावशी काय आहे?"

त्याने मान वळवून पडद्याकडे पाहिलं. पट्टी कपाळावर होतीच. "ते बरोबर आहे, सर."

"बरोबर आहे हे कळलं. करतं काय?"

"ते... ते म्हणजे..." त्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. "ते बरोबर आहे, हे मला पक्कं माहीत आहे."

"अरे, पण काय माहीत आहे?"

त्याने पट्टी काढली. पुन्हा पाहिलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. स्वतःच्या घरात शिरावं आणि आत दुसऱ्यांचं सामान असावं तसा.

ऋतुजाला विचारलं. तिलाही ते बरोबर आहे हे माहीत होतं, त्यापलीकडे काही नाही. इरफानची पट्टी ऋतुजाच्या वाचनावरून भरलेली, ऋतुजाची वझे नावाच्या जुन्या माणसावरून. वझे नोकरी सोडून गेले होते. मी त्यांना फोन लावला.

"मावशी?" वझे म्हणाले. "अहो, मी आलो तेव्हापासून ते तिथे आहे. मी कधी बघितलंच नाही ते. वर लिहिलंय ना, हात लावू नये?"

"पण तुमचं वाचन टिपून घेतलं तेव्हा तिथे शांत वाटलं होतं तुम्हाला."

"वाटणारच. नेहमीप्रमाणे वगळून पुढे गेलो असेन."

वझ्यांनी न वाचता पुढे जाण्याची जी सवय लावून घेतली होती तीच आज सगळ्या ऑफिसच्या डोक्यात खात्री होऊन बसली होती. आणि खात्री असलेल्या गोष्टीबद्दल कोण कुणाला विचारणार?

"चालतंय ना पण इतकी वर्षं," ऋतुजा म्हणाली. तिचा आवाज मात्र पहिल्यासारखा नव्हता.

मी 'मावशी' वाचायला घेतलं. त्याला वेळ लागला आणि त्यात मी दोनदा पूर्ण चुकलो. ते फंक्शन तारखेवर चालत नव्हतं, तिथीवर चालत होतं. आत पंचांगाचा मोठा तक्ता होता, कितीतरी वर्षं पुढचा. चैत्र पौर्णिमा आली की पहाटे पिंपरवेलच्या वरच्या बंधाऱ्याची दारं उघडायची आणि सूर्योदयानंतर बंद करायची. बस, एवढंच.

"चैत्रात बंधारा कशाला उघडतील?" मी मोठ्यानेच म्हटलं. "पाणी असतं कुठे तेव्हा?"

इरफान उठून उभा राहिला. "सर, पिंपरवेलच्या देवीला मावशीच म्हणतात." पट्टी त्याच्या हातात होती. "माझं आजोळ तिथून जवळ आहे. चैत्री पौर्णिमेला तिची पालखी नदीत स्नानाला जाते. नदी कोरडी असते, म्हणून वरून पाणी सोडतात. मी लहानपणी बघितलंय. सर, मला हे माहीत होतं. चार वर्षं हे नाव माझ्या डोळ्यासमोर आहे आणि मला एकदाही आठवलं नाही."

"मग ठीकच आहे की," ऋतुजा म्हणाली. "यात्रेसाठी आहे."

मीही तसंच म्हणणार होतो. पण इतका वैतागलो होतो की तक्ता शेवटपर्यंत बघितल्याशिवाय सोडवेना. यंदाच्या वर्षापाशी आलो. चैत्र पौर्णिमा दोनदा होती. यंदा अधिक चैत्र. तो क्वचित येतो. ही यंत्रणा बसल्यापासून एकदाही आला नव्हता. फंक्शन फक्त महिन्याचं नाव आणि तिथी बघत होतं. महिना अधिक की निज हे विचारतच नव्हतं.

"यात्रा कुठल्या चैत्रात?" मी विचारलं.

"निजात. अधिकात देवाचं असलं काही करत नाहीत," ऋतुजा म्हणाली आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं. "म्हणजे पहिल्या पौर्णिमेला यात्रा नाही."

"यात्रेच्या आदल्या दिवशी गाडी फिरते," इरफान म्हणाला. "भोंगा लावून सांगतात, पात्रातून बाहेर निघा. या वेळी कोण सांगणार?" "सर, पात्रात आत्ता कलिंगडं आहेत. सगळ्या नदीभर वाड्या आहेत. राखणीला माणसं तिथेच झोपतात. माझा मामा तिथे झोपतो."

अधिक चैत्राची पौर्णिमा पुढच्याच आठवड्यात होती.

त्याने मामाला फोन लावला. पलीकडून मोठा आवाज ऐकू आला, "काय रे, कलिंगडं पाहिजेत होय? फोन करतोस तो फक्त कलिंगडासाठी!" इरफान तिथी, तक्ता असं काहीबाही सांगत सुटला. शेवटी ऋतुजाने त्याच्या हातातून फोन घेऊन नीट सांगितलं. मग तिने ग्रामपंचायतीला कळवलं, आणि मी त्या फंक्शनमध्ये एक अट घातली, चैत्र निज असेल तरच. एका ओळीचं काम.

दोन दिवसांनी ऋतुजा पेढे घेऊन माझ्या टेबलाशी आली. वरच्यांना सगळं कळलं होतं. खुर्ची ओढून बसली.

"काका, त्यांचं म्हणणं आहे की आता मूळ वाचन तुमचं घ्यायचं. खरं वाचलेले तुम्ही एकटेच. तुम्ही पट्टी लावून सगळा कोड एकदा वाचा, ते वाचन टिपून सगळ्यांना देऊ. तास भरायची अट तुम्हाला नाही. नोकरी पक्की."

"जुळवायला काय लागेल?"

तिने माझ्या फोनकडे पाहिलं. तिला माहीत होतं.

"आणि माझं वाटणं तुम्ही मुलांच्या डोक्यात घालणार," मी म्हटलं. "मी ज्या ओळीवर कंटाळून पुढे गेलो तिथे त्यांना शांत वाटणार. पुढचा अधिक महिना कुठला ते मला आत्ता दिसत नाहीये, त्यांनाही दिसणार नाही."

"मग काय करू मी?"

"नवीन येईल त्याला माझ्या शेजारी बसवा. त्याने वाचायचं आणि विचारायचं. मला येत नसेल तिथे मी सांगेन की येत नाही."

"किती दिवस लागतात त्याला?"

"लागतात तेवढे."

"वर हे चालणार नाही."

"मग मला काढा."

ती पेढ्यांचा पुडा उघडायला लागली, दोरा सुटेना म्हणून वैतागली. "तुम्ही फार हट्टी आहात, काका. मावशी असत्या तर... काकू, म्हणजे, काकू असत्या तर त्यांना विचारलं असतं तुम्हाला कसं सांभाळायचं." मग म्हणाली, "एका मुलाला बसवते. महिनाभर. वरच्यांना काय सांगायचं ते मी बघते."

रविवारी सकाळी साखर संपली. मी या वर्षभरात किती वेळा साखर आणली असेल सांगता येणार नाही. घरात साखरेचा डबा असणारच, पण सापडत नव्हता म्हणून मी पुड्यातूनच वापरत होतो. चिडून म्हटलं, आज एकेक डबा उघडून बघायचाच. ऑफिसात एवढं वाचलं, घरातलं कधी वाचणार? वरच्या फळीवरून सुरुवात केली. शेवटी मेतकुटाचा डबा राहिला. मेतकूट मी आयुष्यात खाल्लं नाही. वास सहन होत नाही. फेकून द्यावं म्हणून झाकण काढलं, तर आत काठोकाठ साखर.

मेव्हणीला फोन लावला. शरयू, कुमुदची धाकटी बहीण. एरवी तिचेच फोन येतात, मी करत नाही.

"काय झालं भाऊजी? बरं आहे ना?"

"मेतकुटाच्या डब्यात साखर का आहे?"

ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "अहो, तुमच्यामुळे! डॉक्टरांनी तुम्हाला साखर कमी करायला सांगितली तेव्हापासून. ताई म्हणायची, सगळी डबडी उघडतील, पण मेतकुटाला मेले तरी हात लावणार नाहीत."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्हाला सांगून मग लपवायची?"

"आणि रव्याच्या डब्यात शेंगदाणे?"

"ते मला नाही माहीत. तो तिचा आळशीपणा असेल. ताई काही देवी नव्हती, भाऊजी."

आम्ही बराच वेळ बोललो. मीच विचारत होतो. कढीपत्त्याच्या निरोपाचंही विचारलं, तो कुठल्या दिवशीचा, काय करायचं होतं तिला. शरयूला आठवलं. "मी येणार होते ना त्या दिवशी. मला सुकी चटणी करून देणार होती कढीपत्त्याची. तुम्ही आणलात, पण जून निघाला, म्हणून चटणी झालीच नाही. मला म्हणाली, यांना पाठवण्यापेक्षा झाड लावलेलं बरं. तुमच्या मागच्या कुंडीत ते रोप आहे बघा, ते तेव्हाच लावलंय. जगलंय का?"

मी मागच्या बाल्कनीत गेलो. तिथल्या कुंड्यांना मी रोज पाणी घालतो, ते काय आहे हे न बघता. रोप गुडघ्याच्या वर आलं होतं.

फोन ठेवला. तिथेच उभं राहून कितीतरी दिवसांनी मी निरोप लावला. "अहो, येताना कढीपत्ता आणा," ती म्हणाली. माझ्यावर विश्वास नव्हता तिचा, साखरेबाबतही नाही आणि भाजीबाबतही नाही. मागच्या मागे शरयूजवळ माझ्या तक्रारी करत होती. "आणि नीट बघून घ्या, मागच्या वेळी सगळा काळा निघाला."

"सगळा नाही," मी म्हटलं. "दोनच फांद्या."